विश्लेषण : माडाच्या रोगातून सुरू झालेले भारतीय दूरसंवेदन… पी. आर. पिशारोटी यांचे योगदान काय?

पीक विम्याचा दावा असो, दुष्काळ जाहीर करण्याचा निर्णय असो की कोकणातील मच्छीमारांना मिळणारी मासळीच्या ठिकाणांची सूचना असो. आज या सगळ्यांच्या मागे उपग्रहांनी टिपलेली माहिती असते. भारतात या शास्त्राची सुरुवात मात्र उपग्रहापासून झाली नाही. ती झाली केरळमधील माडांच्या बागांवरून उडणाऱ्या एका हेलिकॉप्टरमधून. या प्रयोगामागे होते हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी. त्यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हटले जाते आणि त्यांच्या नावाने या क्षेत्रातील शास्त्रज्ञांना पुरस्कारही दिला जातो. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे मुंबई, अलिबाग आणि पुण्यात गेली. तरीही महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. त्यांच्या कार्याचा हा आढावा.

पिशारोटी कोण होते?

पिशारथ राम पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळमधील कोल्लेंगोडे या गावी झाला. आजच्या पालक्काड जिल्ह्यातील हे गाव नेल्लियम्पथी डोंगरांच्या पायथ्याशी आहे. सह्याद्रीची सलग भिंत पालक्काडजवळ तुटते. तिथल्या खिंडीतून नैर्ऋत्य मोसमी वारे थेट तमिळनाडूच्या दिशेने शिरतात. पाऊस आणि वारा यांचे नाते डोळ्यांनी दिसावे, असा हा मुलूख. मोसमी पावसाचे आणखी एक मोठे अभ्यासक आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे (पीआरएल) पहिले संचालक के. आर. रामनाथन हेही याच पालक्काड परिसरातले.

पिशारोटी यांनी मद्रास विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि मद्रासच्या लोयोला कॉलेजात अध्यापन सुरू केले. वर्षभर शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगळूरुला जाऊन सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम होता. प्रकाश एखाद्या पदार्थावर पडल्यावर त्याचे काय होते, हा रामन यांच्या संशोधनाचा गाभा. पुढे तीन दशकांनी पिशारोटी यांनी माडाच्या झावळ्यांबाबत हाच प्रश्न विचारला.

हवामान खात्यात ते कसे आले?

दुसरे महायुद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये, ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. युद्धाच्या काळात विमानांसाठी हवामानाचे अंदाज लागत होते आणि खात्याला भौतिकशास्त्राची पक्की बैठक असलेल्या तरुणांची गरज होती. खात्याचे मुख्यालय तेव्हा पुण्यात होते. १९२८ मध्ये ते सिमल्याहून पुण्याला आले होते. शिवाजीनगरची वेधशाळा म्हणजेच पुणेकरांचे ‘सिमला ऑफिस’. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी नाव टिकून राहिले.

खात्यातील नोकरी करतानाच पिशारोटी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांना मार्गदर्शक लाभले जेकब बर्कनीस. ज्यांच्याकडून शिकावे, असे जगभरातील हवामानशास्त्रज्ञांना वाटे, त्यांच्यापैकी हे एक नाव. उष्ण आणि थंड हवेच्या सीमांवर वादळे कशी तयार होतात, याचा ढाचा बर्कनीस यांनी पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेत मांडला होता. १९५४ मध्ये पिशारोटी यांना पीएचडी मिळाली.

पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस बर्कनीस यांनी प्रशांत महासागरातील एल निनो आणि हवेच्या दाबातील दूरवरचे चढउतार यांचा संबंध जोडला. दाबातील या चढउतारांचा शोध भारतीय हवामान खात्याचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाच्या अंदाजाचा माग काढताना लावला होता. आज दरवर्षी एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज येतो तेव्हा एल निनोची जी चर्चा होते, तिची मुळे या दोघांच्या कामात आहेत.

कुलाबा आणि अलिबागशी त्यांचा संबंध काय?

१९५९ मध्ये पिशारोटी कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांचे संचालक झाले. या जोडगोळीचा इतिहास रंजक आहे. कुलाब्यात एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. म्हणून ही मोजणी खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि त्या आजही चालू आहेत. दीर्घकाळाच्या अखंड नोंदींचे मोल काय असते, याचा धडा देणारी अशी ठिकाणे देशात थोडी आहेत.

पिशारोटी मुंबईत असतानाच हिंदी महासागराचा अभ्यास करण्यासाठी मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजे या महासागरात फिरली. तोपर्यंत जगातील सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर अशी त्याची ओळख होती. मोहिमेच्या हवामानविषयक कामाचे केंद्र मुंबईत उभारण्यात आले. जहाजे, विमाने आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांच्याकडून येणारी माहिती तिथे एकत्र होत होती. उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे थेट उतरवून घेण्याची सोयही याच काळात मुंबईत झाली. जमिनीवरच्या वेधशाळेला दिसत नाही ते वरून दिसते, हे भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी येथे प्रत्यक्ष अनुभवले.

मोसमी पावसाचे बाष्प येते कुठून?

हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर जे पाणी कोसळते, त्याचे बाष्प विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील महासागरातून वाहत येते की अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरून वर उठते? दक्षिणेकडचे वारे विषुववृत्त ओलांडून येतात आणि पाऊस आणतात, असे जुन्या अभ्यासकांचे म्हणणे होते.

महासागर मोहिमेत मिळालेल्या मोजमापांवरून पिशारोटी यांनी याचा हिशेब मांडला. विषुववृत्त ओलांडून किती बाष्प येते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून किती बाष्प आत शिरते, याची त्यांनी तुलना केली. किनाऱ्यावर पोहोचणारे बाष्प विषुववृत्तावरून येणाऱ्या बाष्पापेक्षा खूप जास्त भरले. मधला फरक अरबी समुद्रातील बाष्पीभवनाने भरून निघत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ मध्ये मांडला.

त्यावर वाद झाला. १९६९ मध्ये जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडणारा, जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवरचा अतिवेगवान वाऱ्याचा झोत दाखवून दिला. अशा अरुंद आणि वेगवान झोतातून प्रचंड बाष्प वाहून येऊ शकते आणि विरळ मोजमापांतून तो सहज निसटू शकतो. १९७०च्या दशकात आणि त्यानंतर झालेल्या अभ्यासांनी दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. अरबी समुद्राचा वाटा महत्त्वाचा आहे, पण पिशारोटी यांनी मांडला होता तितका मोठा नाही, असे चित्र त्यातून पुढे आले.

मग त्यांचे काम वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. पाऊस कुठून येतो याबद्दलचे जुने मत गृहीत न धरता त्याचा आकड्यांत हिशेब मांडण्याची रीत त्यांनी घातली. पुढच्या अभ्यासकांनी तोच हिशेब अधिक चांगल्या मोजमापांनी पुन्हा केला. समुद्रावर मोजमापांची केवढी उणीव आहे, हेही या वादाने उघड केले. ती उणीव भरून काढायची तर समुद्रावर सतत नजर ठेवणारे साधन हवे होते. ते साधन म्हणजे उपग्रह.

पुण्यातील संस्थेची उभारणी कशी झाली?

विकसित देशांतील हवामानशास्त्र तिथल्या हवेवर बेतलेले होते. उष्ण कटिबंधातील हवेचे गणित वेगळे असते. इथे उष्ण आणि थंड हवेच्या सीमा फारशा नसतात. ढग उभे वाढतात आणि एका गावात धो धो पाऊस पडत असताना शेजारचे गाव कोरडे राहू शकते. त्यासाठी स्वतंत्र संशोधन संस्था हवी, या विचारातून १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली आणि पिशारोटी तिचे संस्थापक संचालक झाले. सुरुवातीला ती हवामान खात्याचाच भाग होती. गणेशखिंड रस्त्यावरील रामदुर्ग हाऊस या वास्तूत तिचा संसार बरीच वर्षे चालला. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि पुढे पाषाणला स्थिरावली. आज आयआयटीएम या नावाने ती ओळखली जाते. मोसमी पावसाचे संगणकीय प्रारूप, विजांच्या इशाऱ्यांची व्यवस्था आणि सोलापूर परिसरात झालेले कृत्रिम पावसाचे प्रयोग अशा कामांमुळे हे नाव अधूनमधून बातम्यांतही येते.

निवृत्तीनंतर दूरसंवेदनाकडे ते कसे वळले?

१९६७ मध्ये पिशारोटी सरकारी सेवेतून निवृत्त झाले. वय ५८ वर्षे. अनेकांचे काम इथे थांबते. पिशारोटी यांना याच वेळी विक्रम साराभाई यांनी अहमदाबादच्या पीआरएलमध्ये प्राध्यापक म्हणून बोलावले. थुंब्यावरून पहिला अग्निबाण १९६३ मध्ये उडाला होता. इस्रोची स्थापना व्हायची होती. गरीब देशाने अवकाश संशोधनावर पैसा का खर्च करावा, हा प्रश्न देशात आणि देशाबाहेर विचारला जात होता. साराभाईंचे उत्तर ठरलेले होते : शेती, हवामान, शिक्षण आणि संपर्क यांसाठी. मात्र हे उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हते. अवकाशातून पाहण्याचा सामान्य माणसाला उपयोग होतो, हे दाखवून द्यायला हवे होते. शेतीपुरती ही जबाबदारी पिशारोटी यांच्याकडे आली.

फोटोग्रामेट्री आणि दूरसंवेदन यांत फरक काय?

छायाचित्रांवरून अंतर, उंची आणि आकार मोजण्याचे शास्त्र म्हणजे फोटोग्रामेट्री. एकाच जागेची दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली तर आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे त्यांतून खोली कळते. विमानातून घेतलेल्या अशा जोडचित्रांवरून नकाशे काढले जातात. भारतात त्याचे काम आधीपासून होत होते. हवाई छायाचित्रांचा अर्थ लावण्याचे प्रशिक्षण देणारी संस्था १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने देहरादूनला सुरू झाली होती.

दूरसंवेदनाचा प्रश्न थोडा वेगळा असतो. वस्तू कुठे आहे आणि केवढी आहे, यापेक्षा ती कशी आहे, हे त्यात पाहिले जाते. शेत हिरवे आहे की सुकलेले, समुद्र किती तापलेला आहे, माती ओली आहे की कोरडी, हे तिथे न जाता, तिथून परावर्तित झालेल्या किंवा बाहेर पडणाऱ्या किरणांवरून ओळखायचे. त्यासाठी डोळ्यांना दिसणारा प्रकाश पुरेसा नसतो. त्यापलीकडचे अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण आणि सूक्ष्मलहरीही वापरल्या जातात. आज ही दोन्ही शास्त्रे इतकी जवळ आली आहेत की जागतिक पातळीवर त्यांची संघटना एकच आहे. १९१० मध्ये व्हिएन्नात फोटोग्रामेट्रीसाठी स्थापन झालेल्या त्या संघटनेच्या नावात १९८० मध्ये दूरसंवेदनाचाही समावेश झाला.

प्रयोगासाठी माडच का निवडला?

केरळमध्ये माडाला मूळ-मर म्हणजे ‘रूट विल्ट’ हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सतावत होता. १८८२च्या महापुरानंतर तो प्रथम लक्षात आला, अशी नोंद आहे. या रोगाने माड लगेच मरत नाही. झावळ्यांची पाती आतल्या बाजूला वळतात, ढिली पडतात, पिवळी होतात आणि नारळ वर्षागणिक कमी होत जातात. झाड उभे असते, जागा अडवते, खत-पाणी खाते, पण शेतकऱ्याच्या हाती फारसे काही देत नाही. चार-दहा माडांवर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी हा हळूहळू होणारा नाश असतो. रोगाचे कारणही तेव्हा नक्की ठाऊक नव्हते. फायटोप्लाझ्मा या जिवाणूसदृश सूक्ष्मजीवाकडे बोट दाखवणारे पुरावे १९८०च्या दशकात मिळाले.

औषध नसलेल्या रोगात एकच उपाय उरतो. रोगट झाड लवकर ओळखायचे, काढून टाकायचे आणि प्रसार रोखायचा. पण माड उंच असतो, बागा दाट असतात आणि लक्षणे झावळ्यांमध्ये दिसतात. लाखो झाडे एकेक करून जमिनीवरून तपासणे जवळपास अशक्य. वरून पाहिले तर मात्र माडाचा संपूर्ण शेंडा एका नजरेत दिसतो. नव्या तंत्राची परीक्षा घेण्यासाठी याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण होते.

हेलिकॉप्टरमधून काय दिसले?

१९७०च्या सुमारास केरळमधील माडांच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवण्यात आले आणि इन्फ्रारेड रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. ही फिल्म दुसऱ्या महायुद्धात शत्रूने हिरव्या रंगाखाली लपवलेली वाहने शोधण्यासाठी विकसित झाली होती. हिरवा रंग दिलेले कापड आणि खरे हिरवे पान साध्या फोटोत सारखेच दिसते. इन्फ्रारेड फिल्मवर मात्र त्यांतला फरक लगेच कळतो.

त्यामागचे कारण पानाच्या रचनेत आहे. निरोगी पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या जवळचे इन्फ्रारेड किरण मोठ्या प्रमाणात, साधारण निम्मे, परत फेकतात. पान आजारी पडले की पेशींची रचना बिघडते, पाण्याचे प्रमाण बदलते आणि हे परावर्तनही बदलते. इन्फ्रारेड फिल्मवर निरोगी झाडे ठळक लाल दिसतात, तर आजारी झाडांचा लाल रंग फिका किंवा मळकट होतो. हा बदल काही वेळा डोळ्यांना पिवळेपणा दिसण्याआधीच टिपता येतो.

माडांच्या छायाचित्रांत रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. या कामावरचा शोधनिबंध १९७१ मध्ये अमेरिकेतील अॅन आर्बर येथील दूरसंवेदनविषयक परिसंवादात सादर झाला. त्यावर पिशारोटी यांच्यासह पाच जणांची नावे होती आणि पहिले नाव सी. दक्षिणामूर्ती यांचे होते. भौतिकशास्त्र, शेती आणि छायाचित्रण अशी वेगवेगळी कसबे एकत्र आल्याशिवाय असा प्रयोग होत नाही. भारतातील दूरसंवेदनाचा पहिला प्रयोग म्हणून त्याची नोंद घेतली जाते.

प्रयोगाला मर्यादाही होत्या. छायाचित्राने रोग दिसतो, बरा होत नाही. शिवाय पाण्याचा ताण, खताची कमतरता आणि रोग या तिन्हींमुळे झाडाचा रंग फिका पडू शकतो. म्हणून वरून दिसलेल्या गोष्टीची जमिनीवर जाऊन पडताळणी करावीच लागते. उपग्रहाच्या युगातही हा नियम बदललेला नाही. पीक नुकसानीच्या पंचनाम्यावरून शेतकरी आणि विमा कंपन्या यांच्यात आज जे वाद होतात, त्यांतील अनेकांचे मूळ वरचे चित्र आणि बांधावरची स्थिती यांच्या न जुळण्यातच असते.

पुढे या कामातून काय उभे राहिले?

प्रयोगानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९७२ मध्ये, अमेरिकेने पृथ्वीच्या निरीक्षणासाठी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच सुमारास अहमदाबादला इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राची जुळणी होत होती. १९७२ ते १९७५ या काळात पिशारोटी यांनी तिथल्या दूरसंवेदन आणि उपग्रह हवामानशास्त्र विभागाचे संचालकपद सांभाळले. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये अकाली निधन झाले होते. त्यांनी मांडलेल्या कल्पनांना माणसे, यंत्रे आणि कार्यक्रम मिळवून देण्याचे काम पुढच्या पिढीवर आले होते आणि तिथे पिशारोटी यांच्यासारख्या वडीलधाऱ्याचा आधार मोलाचा ठरला.

विमानातून पिकांची पाहणी करण्याचे प्रयोग १९७४-७५ मध्ये आंध्रातील अनंतपूर आणि पंजाबातील पतियाळा या दोन जिल्ह्यांत झाले. एक कायम दुष्काळी, दुसरा सिंचनाखालचा. ७ जून १९७९ रोजी भास्कर-१ हा भारताचा पहिला प्रायोगिक दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत अग्निबाणावरून सोडण्यात आला. त्यावर जमिनीची चित्रे घेणारे टीव्ही कॅमेरे होते आणि समुद्रावरील बाष्प मोजणारे सूक्ष्मलहरी उपकरणही होते. अरबी समुद्रावरच्या ज्या बाष्पाचा हिशेब १९६५ मध्ये तुटपुंज्या मोजमापांवर करावा लागला होता, ते मोजण्याचे साधन आता भारताकडे आले होते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा पहिला पूर्णवेळ दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला. तेव्हा पिशारोटी ७९ वर्षांचे होते.

‘वर्षातले शंभर तास’ हा काय विचार आहे?

उतारवयात पिशारोटी यांनी पावसाच्या पाण्याच्या साठवणीचा प्रश्न लावून धरला. त्यांचा मुद्दा हवामानशास्त्रातून आलेला होता. वर्षात ८,७६० तास असतात. भारताच्या बहुतेक भागांत प्रत्यक्ष पाऊस पडतो तो साधारण शंभर तास. म्हणजे वर्षभराचे पाणी जेमतेम चार दिवसांएवढ्या वेळात पदरात पडते. युरोपात पाऊस हलका आणि वर्षभर विखुरलेला असतो. त्यामुळे तो जमिनीत मुरतो. आपल्याकडे उंच ढगांतून मोठे थेंब जोराने आदळतात, माती सैल होते आणि पाणी मुरण्याआधीच तिच्यासह वाहून जाते.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. पाऊस किती पडला यापेक्षा त्या शंभर तासांत तो किती अडवला, यावर पुढचे आठ महिने अवलंबून असतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ७०० मिलीमीटर पावसाच्या गावात शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७० हजार लिटर पाणी पडते. पडेल तिथेच, छोट्या छोट्या साठ्यांत ते धरून ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. कोयनेच्या खोऱ्यात पावसाचा धुमाकूळ आणि काही तासांच्या अंतरावरील माणदेशात टँकर, हे चित्र दरवर्षी पाहणाऱ्या महाराष्ट्राला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

कोणते सन्मान त्यांना मिळाले?

१९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये रामन जन्मशताब्दी पदक मिळाले. ज्यांच्या प्रयोगशाळेत सुट्ट्या घालवल्या, त्या गुरूच्या नावाचे हे पदक होते. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने त्यांना आयएमओ पुरस्कार दिला. हवामानशास्त्रातील हा जगातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक. त्यांचे मार्गदर्शक बर्कनीस यांना तो १९५९ मध्ये आणि रामनाथन यांना १९६१ मध्ये मिळाला होता.

२४ सप्टेंबर २००२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ९३ वर्षे होते. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग ही देशातील दूरसंवेदन शास्त्रज्ञांची संघटना १९६९ मध्ये छायाचित्रांचा अर्थ लावणाऱ्यांची संस्था म्हणून सुरू झाली होती. ती भास्कर पुरस्कारासह अनेक सन्मान देते. त्यांतील एक पिशारोटी यांच्या नावाने आहे. साराभाईंचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, ही संघटना राष्ट्रीय दूरसंवेदन दिन म्हणून पाळते.

‘जनक’ हे बिरुद कितपत योग्य?

एका माणसाला एखाद्या शास्त्राचा जनक म्हटले की बाकीच्यांची नावे मागे पडतात. माडांच्या प्रयोगात इतर शास्त्रज्ञ होते, देहरादूनला छायाचित्रे वाचणारी पिढी तयार होत होती, सर्वेक्षण खात्याकडे हवाई नकाशांचा अनुभव होता आणि साराभाईंच्या पाठबळाशिवाय हेलिकॉप्टर उडाले नसते. या अर्थाने भारतीय दूरसंवेदनाला अनेक पालक आहेत.

तरीही पिशारोटी यांचे स्थान वेगळे राहते, ते त्यांनी निवडलेल्या प्रश्नामुळे. नवे तंत्र हाती आले तेव्हा ते एखाद्या शहराचे किंवा धरणाचे देखणे चित्र काढू शकले असते. त्यांनी शेतकऱ्याचा आजारी माड निवडला. प्रकाशाचे भौतिकशास्त्र, पावसाचा अभ्यास आणि शेतीची गरज हे तीन धागे त्या एका निवडीत एकत्र आले.

आज याचा उपयोग कुठे दिसतो?

पिकांच्या उपग्रह चित्रांवरून काढला जाणारा हिरवाईचा निर्देशांक माडांच्या प्रयोगातील तत्त्वावरच चालतो. लाल प्रकाश आणि इन्फ्रारेड किरण यांच्या परावर्तनातील फरकावरून पीक किती जोमात आहे, हे ठरते. दुष्काळ जाहीर करण्याच्या निकषांत पाऊस आणि पेरणी यांच्यासोबत हा निर्देशांकही पाहिला जातो. पीक विमा योजनेत भात आणि गहू या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधताना २०२३ पासून तंत्रज्ञानाधारित आकड्यांना किमान ३० टक्के भार देण्याचे ठरले. समुद्राचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना किनाऱ्यावरील मच्छीमारांना दिली जाते.

चित्रे वाढली, त्यांतील बारकावा वाढला आणि ती मिळण्याचा वेगही वाढला. प्रश्न उरतो तो या माहितीचा फायदा शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत वेळेत पोहोचण्याचा. उपग्रहाने पाहिलेले पीक आणि सातबाऱ्यावर नोंदलेले पीक यांचा मेळ बसवण्याचे काम अजून पूर्ण झालेले नाही. पिशारोटी यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या सन्मानाचे मोलही त्यामुळेच टिकून आहे.